नैरोबीच्या वेशीवरचे लॉज: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

केनियातल्या मसाई मारा या मोठ्या अभयारण्यासाठी आठवडा काढता येत नाही किंवा गाडीतला लांबचा प्रवास झेपत नाही, म्हणून नैरोबीजवळच्याच एखाद्या निसर्ग-लॉजवर दोन-तीन रात्री राहावे का, असे विचारणारी पत्रे सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरे नैरोबी नॅशनल पार्क आणि त्याच्या कडेच्या लॉजपुरतीच आहेत.

प्रश्न (सातारा): राजधानीला खेटून असलेले जंगल म्हणजे मोठे प्राणिसंग्रहालयच ना? एवढा खर्च करून तिथे राहण्यात अर्थ आहे का?

प्राणिसंग्रहालय नाही. नैरोबी नॅशनल पार्क १९४६ साली स्थापन झाले. केनियातले हे पहिले राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ ११७ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सागरेश्वर अभयारण्याच्या दहापटीहून जास्त. शहराच्या बाजूने कुंपण आहे, पण तीनच बाजूंना. दक्षिणेची बाजू उघडी आहे. तिकडे म्बागाथी नदी आणि तिच्या पलीकडे कितेंगेलाची गवताळ माळराने. झेब्रे, हरणे, सिंह या बाजूने ये-जा करतात. त्यांना कोणी खाऊ घालत नाही. सिंह शिकार करूनच जगतात आणि कधीकधी मसाई लोकांच्या गोठ्यावरही येतात. कराड भागात उसात बिबट्या निघाला की काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही भानगड वेगळी सांगायला नको. याच भागातल्या रिचर्ड तुरेरे या मसाई मुलाने शाळकरी वयात गोठ्याभोवती आळीपाळीने लुकलुकणारे दिवे लावून सिंहांना दूर ठेवण्याची युक्ती काढली होती. कोणीतरी बॅटरी घेऊन फिरते आहे असे सिंहाला वाटते, एवढेच त्यामागचे तत्त्व.

दिसते काय? काळा गेंडा, आणि तो इथे माराच्या मानाने सहज दिसतो. पांढरा गेंडा, सिंह, जिराफ, रानम्हशी, झेब्रे, इलँड (एक मोठे हरण), शहामृग, पाणघोडे हेही आहेत. बिबट्या आहे, पण नशीब लागते. हत्ती मात्र नाहीत. ज्यांना हत्तीच पाहायचे आहेत त्यांनी हे आधी समजून घ्यावे. उद्यानाच्या हद्दीत शेल्ड्रिक संस्थेचे अनाथ हत्तीपिल्लांचे संगोपन केंद्र आहे. तिथे सकाळी ११ ते १२ या एका तासात पिल्ले पाहता येतात, तेही आधी नोंदणी करूनच. माराचे ते लाखो वाइल्डबीस्टचे (हरणांसारख्या मोठ्या चरणाऱ्या प्राण्यांचे) स्थलांतरही इथे होत नाही.

आणि शहर दिसते. गवतात जिराफ आणि मागे उंच इमारती, हे इथले नेहमीचे दृश्य. उद्यानावरून विमाने जातात, मधून सुमारे सहा किलोमीटर लांबीच्या उंच पुलावरून रेल्वे जाते. काहींना यातच मजा वाटते, काहींचा रसभंग होतो. नजर पोचेल तिथवर माणसाची खूण नको असेल तर हे ठिकाण तुमच्यासाठी नाही. ज्यांना थोड्या दिवसांत, थोड्या दगदगीत खरे जंगल पाहायचे आहे त्यांना दोन रात्री पुरतात. तिसऱ्या रात्रीचे पैसे नैवाशा तलावाकडे खर्च केलेले बरे.

प्रश्न (कराड): जाहिरातीत सगळीच लॉज "पार्कमध्ये" असल्याचे सांगतात. निवडायचे कसे?

तीन तऱ्हा आहेत. पहिली, उद्यानाच्या आत तंबूंचा कॅम्प. दुसरी, दक्षिण कडेला म्बागाथी नदीच्या काठावरची लॉज. तिसरी, लांगाटा आणि कॅरेन या हिरव्या उपनगरांतली. तिथे झाडी, पक्षी, माकडे भरपूर. पण गेंडा-सिंह पाहायला रोज गाडीने फाटकातून आत जावे लागते. तिसऱ्या तऱ्हेची लॉज वाईट नाहीत. लहान मुले बरोबर असतील तर तीच सोयीची, कारण लांगाट्याचे जिराफ सेंटर जवळ पडते.

बुकिंग करण्याआधी ईमेलने पुढचे विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

विमानतळावरून लॉजपर्यंतचा रस्ता उद्यानातून जातो की बाहेरून? दक्षिण कडेच्या लॉजना बहुतेकदा उद्यान ओलांडूनच जावे लागते. तसे असेल तर प्रवेशशुल्क त्याच दिवशी लागू होते आणि फाटक उघडे असण्याच्या वेळेतच पोचावे लागते. फाटके पहाटे सहाला उघडतात, संध्याकाळी बंद होतात. विमान दुपारनंतर उतरणारे असेल तर सामान, इमिग्रेशन आणि मोंबासा रोडची वाहतूक यांत दोन-तीन तास सहज जातात आणि फाटक हुकते. मग पहिली रात्र शहरात काढणेच शहाणपणाचे.

दरात काय धरले आहे? "फुल बोर्ड" म्हणजे तीन वेळचे जेवण, फेऱ्या नाहीत. "गेम पॅकेज" म्हणजे जेवण आणि गाडीतून फेऱ्या. पण उद्यानाचे शुल्क दोन्हींत बहुधा वेगळे असते, आणि ते परदेशी पाहुण्याला डॉलरमध्ये भरावे लागते. स्वस्त दिसणारे लॉज गाडी, शुल्क आणि विमानतळाची ने-आण मिळवल्यावर महाग पडते, ते इथेच.

गाडी कोणती? यावर पुढच्या उत्तरात थोडे जास्त लिहितो.

प्रश्न (विटा): मुलांच्या सुट्ट्या मे महिन्यात किंवा दिवाळीत. त्यातली कोणती बरी?

खरे सांगायचे तर दोन्ही पावसाच्या. नैरोबीत मोठा पाऊस मार्च ते मे आणि छोटा पाऊस ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर. दोन्हींत निवड करायची तर दिवाळी, कारण छोट्या पावसात सरी येतात आणि उघडीप मिळते. एप्रिल-मेमध्ये दिवसच्या दिवस वाया जाऊ शकतो.

नुसते भिजण्याचा प्रश्न नाही. उद्यानातली बरीच जमीन काळ्या चिकणमातीची आहे. कृष्णाकाठच्या काळ्या रानात पावसाने बैलगाडी जशी रुतते, तशीच तिथे पर्यटकांची व्हॅन रुतते. पाण्याने ही माती फुगते, टायरच्या खाचा भरून जातात आणि चाक जागच्या जागी फिरत राहते. म्हणून पावसाळ्यात जाणार असाल तर फोर-व्हील ड्राइव्ह लँड क्रूझरच हवी, दोन चाकांवर ओढणारी छत उघडी व्हॅन नको. टूर कंपनी "आमची व्हॅन सगळीकडे जाते" म्हणाली तर ओल्यात माळाकडच्या रस्त्यावर नेणार का, हे स्पष्ट विचारा. बहुतेक वेळा चालक डांबर आणि खडीच्या रस्त्यांवरच फिरवून आणतात, आणि मग "प्राणीच नव्हते" अशी तक्रार होते.

प्राणी पावसात खरेच कमी दिसतात, त्याचेही कारण आहे. बाहेर गवत आणि पाणी मिळाले की झेब्रे-हरणे दक्षिणेच्या माळांवर पांगतात. कोरड्या दिवसांत उद्यानातल्या बंधाऱ्यांवर आणि नदीवर पाणी टिकते, म्हणून ती परत आत येतात. गवतही खुरटे असते, लांबचे दिसते. जुलै ते ऑक्टोबरचा मध्य आणि जानेवारी-फेब्रुवारी हे उत्तम दिवस. त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरलेले आणि थंडी असते. पहाटे पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, दुपारी बावीसच्या आसपास जातो. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटरवर आहे, महाबळेश्वरहूनही उंच. "आफ्रिका म्हणजे उकाडा" समजून सुती सदऱ्यांवर गेलेली माणसे पहाटेच्या उघड्या जीपमध्ये कुडकुडतात. स्वेटर, वाऱ्याचे जाकीट आणि कानटोपी हातातल्या बॅगेत ठेवा.

प्रश्न (सांगली): पिवळ्या तापाची लस खरंच लागते का? एजंट म्हणतो, केनिया मागत नाही.

एजंट अर्धे बरोबर सांगतो. भारतातून थेट जाणाऱ्याकडे केनिया ते प्रमाणपत्र सहसा मागत नाही. मागतो तो भारत, तुम्ही परत येता तेव्हा. केनिया हा पिवळ्या तापाचा देश मानला जातो. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि वैध प्रमाणपत्र नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विमानतळाच्या विलगीकरणात ठेवता येते. मुंबईत उतरून सांगलीला पोचायच्या ऐवजी तिथेच अडकायचे.

लस नेहमीच्या दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते आणि तिथलेच पिवळे कार्ड चालते. आपल्या भागातल्यांना पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. केंद्रांची चालू यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहा आणि वेळ आधी घ्या. एका बाटलीत अनेक डोस असतात आणि उघडलेली बाटली काही तासांतच संपवावी लागते, म्हणून बरीच केंद्रे ठरावीक वारी, ठरावीक माणसांनाच लस देतात. आयत्या वेळी गेलात तर हात हलवत परत यावे लागते.

लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होते. निघण्याच्या आठवडाभर आधी घेतलेली लस कागदावर अपुरी ठरू शकते. महिनाभर आधी उरका. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. दहा वर्षांची जुनी अट २०१६ मध्ये गेली. कार्डावरचे नाव आणि पासपोर्ट क्रमांक पासपोर्टशी जुळतो का, हे केंद्रावरून हलण्याआधी तपासा. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव, आडनाव यांची उलटापालट फार होते.

ही जिवंत विषाणूची लस आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, थायमस ग्रंथीचा आजार यांपैकी काही असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये. साठीपुढे प्रथमच घेणाऱ्यांनीही आधी सल्ला घ्यावा, कारण दुर्मीळ पण गंभीर दुष्परिणामांचा धोका वयाबरोबर वाढतो. लस चालत नसेल तर वैद्यकीय सवलतीचे पत्र मिळते. तरीही परतल्यावरचा निर्णय विमानतळावरील आरोग्य अधिकाऱ्याचाच असतो.

मलेरियाचे वेगळे. उंचीमुळे नैरोबीत धोका कमी आहे, शून्य नाही, आणि पुढे किनाऱ्याकडे किंवा मारात जाणार असाल तर वाढतो. गोळ्या घ्याव्यात का हे डॉक्टर ठरवतील. घेतल्या तर परत आल्यावरही पूर्ण करा: ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल आठवडाभर, डॉक्सिसायक्लिन चार आठवडे. परतल्यानंतर काही महिन्यांत ताप आलाच तर "आफ्रिकेला जाऊन आलो" हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

प्रश्न (सांगली): आम्ही जैन आहोत. कंदमुळे नाहीत, सूर्यास्तानंतर जेवण नाही. लॉजवर जमेल का?

जमते, पण वेळापत्रक आणि भाषा दोन्ही आपल्यालाच ठरवावी लागतात.

आधी वेळ. नैरोबी विषुववृत्ताच्या किंचित खाली आहे. त्यामुळे वर्षभर सूर्यास्त सव्वासहा ते पावणेसातच्या दरम्यानच होतो आणि अंधारही पटकन पडतो. लॉजचे रात्रीचे जेवण साडेसात-आठला. आणि संध्याकाळची फेरी साधारण चार ते सव्वासहा. म्हणजे जेवायच्या वेळी तुम्ही जीपमध्ये. दोनच मार्ग. संध्याकाळची फेरी तीनला काढून साडेपाचपर्यंत परतायचे आणि जेवण तयार ठेवायला सांगायचे. किंवा डबा बरोबर घेऊन ठरवून दिलेल्या थांब्यावर पाच वाजता खायचा. पहिला मार्ग चांगला. दुसऱ्यात वानरांचा त्रास होतो. बबून उघड्या छतातून हात घालून डबा पळवतात, ही थट्टा नव्हे.

आता स्वयंपाकी. "जैन फूड" हे शब्द नैरोबी शहरातल्या गुजराती हॉटेलांत कळतात. पार्कलँड्स भागात अशी हॉटेले आहेत. पण लॉजच्या स्वयंपाकघरात ते कळतीलच असे धरू नका. "व्हेजिटेरियन" म्हटले तर सूपला कोंबडीचे पाणी आणि सोबत ऑम्लेट येऊ शकते. म्हणून पदार्थांची यादी द्या: मांस, मासे, अंडे, मांसाचे सूप नको, कांदा, लसूण, आले, बटाटा, गाजर, बीट, मुळा, रताळे, कसावा, मशरूम नको. ही यादी बुकिंगच्या वेळी, पोचायच्या तीन दिवस आधी आणि पोचल्यावर स्वयंपाक्याच्या हातात, अशी तीनदा द्या.

तिथल्या रोजच्या जेवणातलेच बरेच चालते. उगाली म्हणजे मक्याचे पीठ आणि पाणी, घट्ट शिजवलेले, बहुधा मीठही नसते. न्देंगू म्हणजे मुगाची उसळ. कांद्याऐवजी टोमॅटोवर करा म्हणून सांगितले की झाले. सुकुमा विकी ही पालेभाजीही तशीच. चपाती तिथे घरोघरी होते, फक्त तेल जास्त असते. गिथेरी म्हणजे मका आणि घेवड्याचे दाणे. कांदा आणि बटाटा न घालता करून मागा. इरियो आणि मुकिमो टाळा, त्यांत बटाटा असतोच. ॲव्होकॅडो, पपई, अननस, केळी भरपूर. उकळलेल्या पाण्याचा थर्मास मागितला तर आनंदाने देतात.

घरून मेतकूट, भाजके पोहे, शेंगदाण्याची चटणी, भाजलेल्या पिठाचे लाडू असे कोरडे, शिजलेले पदार्थ न्या. ताजी फळे, भाज्या, बियाणे नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

प्रश्न (वाई): आई सत्तर वर्षांची आहे. तंबूत रात्री भीती नाही ना? आणि बाथरूम?

तंबू म्हणजे आपल्या मनातला शिबिराचा तंबू नाही. लाकडी चौथऱ्यावर जाड कॅनव्हास, पलंग आणि मागे जोडलेले न्हाणीघर. प्रश्न आईंच्या गुडघ्यांचा आहे. तंबू ते जेवणघर किती पावले, पायऱ्या किती, वाटेला कठडा आहे का, हे विचारा आणि जेवणघराजवळचा तंबू मागा.

अंधार पडल्यावर कोणीही एकट्याने बाहेर फिरायचे नाही. प्रत्येक लॉजवर रात्रपहारेकरी असतो, त्याला तिथे अस्कारी म्हणतात. टॉर्चने किंवा शिट्टीने खूण केली की तो न्यायला येतो. तंबूची चेन पूर्ण लावायची, आत खाऊ ठेवायचा नाही. बिस्किटाच्या वासाने माकडे चेन उघडायला शिकली आहेत.

दोन गोष्टी आधी सांगून ठेवा, म्हणजे आई दचकणार नाहीत. झाडांवर ट्री हायरॅक्स नावाचा सशाएवढा प्राणी राहतो. रात्री तो जो कर्कश, चढत जाणारा किंचाळा काढतो, त्याने नवखा माणूस उठून बसतो. प्राणी निरुपद्रवी आहे. दुसरे, थंडीत कर्मचारी पांघरुणाखाली गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवून जातात. अंधारात पायाला काहीतरी ऊबदार, मऊ लागले की आरडाओरडा होतो.

अंघोळीला काही कॅम्पमध्ये बादली-शॉवर असतो: वर टांगलेल्या पिशवीत साधारण २० लिटर गरम पाणी भरतात, तेवढ्यातच आटोपायचे. वेळ आधी सांगावी लागते. वीज सौर असेल तर रात्री सॉकेट बंद असू शकतात. झोपेत श्वासाचे यंत्र लावणाऱ्यांनी रात्रभर वीज मिळेल याची लेखी खात्री घ्यावी. औषधे हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. राजधानीजवळ राहण्याचा हा एक मोठा फायदा: आगा खान युनिव्हर्सिटी हॉस्पिटलसारखी मोठी रुग्णालये शहरातच आहेत.

प्रश्न (फलटण): सामानात काय नको? व्हिसा, पैसे यांचेही थोडक्यात सांगा.

प्लास्टिकची कॅरीबॅग नको. केनियात २०१७ पासून बंदी आहे आणि दंड जबर आहे. जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकलाही बंदी आहे, त्यात पाण्याची बाटलीही आली. स्टीलची बाटली न्या, लॉजवर भरून मिळते. कपडे कापडी पिशव्यांत, खाऊ डब्यांत. ड्रोन घरी ठेवा. परवान्याशिवाय नेलात तर विमानतळावर जप्त होतो. लष्करी छापाचे कपडेही नकोत. तिथले सॉकेट तीन चौकोनी पिनांचे, म्हणून ॲडाप्टर हवा, दाब आपल्यासारखाच.

व्हिसा २०२४ पासून नाही. त्याऐवजी ईटीए हा ऑनलाइन परवाना, मुलांसकट प्रत्येकाचा वेगळा. शुल्क साधारण तीस डॉलर. निघायच्या किमान आठवडाभर आधी अर्ज करा. परतीचे तिकीट आणि लॉजचे बुकिंग जोडावे लागते. पत्ता "डॉट गो डॉट केई" असा संपतो का ते पाहा. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळे दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.

डॉलरच्या नोटा २०१३ नंतरच्या, न फाटलेल्या, न लिहिलेल्या. जुन्या नोटा तिथे घेत नाहीत. उद्यानाच्या फाटकावर रोख चालत नाही, शुल्क ऑनलाइनच भरावे लागते. ते लॉजकडून आधी भरून घेणे सोपे.

प्रश्न (मिरज): गेंडा आणि मागे शहर, असा फोटो हवा आहे. केव्हा, कुठून?

शहर उद्यानाच्या उत्तरेला आहे. म्हणजे गाडी प्राण्याच्या दक्षिणेला हवी, तोंड उत्तरेकडे. फाटक उघडताच आत जा. नऊ-दहानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबच्या लेन्सने मागच्या इमारती पाण्यातल्यासारख्या दिसतात; त्याला कॅमेरा कितीही महाग असला तरी इलाज नाही. जुलैत ढगांमुळे सकाळी इमारती धुरकट दिसतात, जानेवारीत स्वच्छ. लेन्स १००-४०० मिलिमीटरची पुरे. शहर मोठे दिसायला हवे तर प्राण्यापासून लांब राहून लांब लेन्स वापरा. जवळ जाऊन रुंद कोनातून काढला तर इमारती काडेपेटीएवढ्या होतात. ट्रायपॉड गाडीत उपयोगाचा नाही. जाड कापडाची रिकामी पिशवी शिवून न्या, नैरोबीच्या दुकानात दोन किलो घेवडा घेऊन तिच्यात भरा आणि खिडकीवर ठेवून लेन्स टेकवा. फोटो काढताना चालकाला इंजिन बंद करायला सांगायला विसरू नका. निघताना घेवडा लॉजच्या स्वयंपाकघरात देऊन टाका.